नेतृत्वाचा शोध आणि स्टुडिओतील निदान

‘काँग्रेसला नवा चेहरा हवा’ यावर वाहिन्यांवरील बहुतेक विश्लेषकांचे एकमत आहे, असा दाखला देऊन काँग्रेसच्या नेतृत्वावरील लेखात लेखकाने पक्षाच्या दुखण्याचे केलेले निदान मला अर्धवट वाटते. २०१९च्या पराभवानंतर राहुल गांधींनी अध्यक्षपद सोडले, तेव्हा घराण्याबाहेरचा अध्यक्ष हवा असा धोशा याच मंडळींनी लावला होता. ऑक्टोबर २०२२मध्ये पक्षाध्यक्षपदाच्या निवडणुकीत मल्लिकार्जुन खर्गे यांनी शशी थरूर यांचा ७,८९७ विरुद्ध १,०७२ मतांनी रीतसर पराभव केला, तर लगेच ‘खरी सूत्रे कोणाकडे?’ हा पुढचा प्रश्न तयार. प्रश्न गैर नाही, पण अशी निवडणूक इतर किती पक्ष घेतात, हे विचारायला चर्चेत वेळ उरत नाही.

कोकणातल्या आमच्या जुन्या राजापूर लोकसभा मतदारसंघातून समाजवादी नेते बॅ. नाथ पै आणि त्यांच्यानंतर १९७१पासून सलग पाच वेळा मधु दंडवते निवडून आले, ते वृत्तवाहिन्या नसताना. काँग्रेसने २००९मध्ये याच भागातला रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघ जिंकला ते मुख्यतः नारायण राणे यांच्या बळावर. २०१७मध्ये त्यांनी पक्ष सोडला आणि त्यांच्यामागोमाग बरेच कार्यकर्तेही गेले. आज मालवण किंवा देवगडच्या मच्छीमाराचा डिझेलवरील कराचा परतावा रखडला, तर काँग्रेसमधल्या कोणाचे दार ठोठवायचे, हे चटकन सांगता येत नाही. ही पोकळी दाखवायची तर कॅमेरा घेऊन घाट उतरावा लागेल, आणि रात्री नऊच्या चर्चेला बसणाऱ्यांना तेवढी सवड दिसत नाही.