म्हणे, ‘बाईच्या आवाजात मॅच रंगत नाही’

‘बायकांना कॉमेंट्री बॉक्समधून बाहेर काढा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. सहा मुद्दे, शेवटी हात जोडलेले इमोजी आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’. आमच्या दादाला पटलं. भाचीने फॅमिली ग्रुपवर ‘यंदा कॉलनीच्या टेनिस बॉल स्पर्धेत माइक मी धरणार’ असं लिहिलं, त्याच्या बरोब्बर खाली सख्ख्या मामाने हा मेसेज चिकटवला. पोरगी अकरावीत आहे. मोबाइलवर आवाज बंद करून जुन्या मॅचेस लावते आणि स्वतः बोलून रेकॉर्ड करते. मेसेज वाचल्यापासून ती घसा दाबून, जाड आवाज काढून बोलायला लागलीय. म्हणून लिहितेय, नाहीतर असल्या फॉरवर्डच्या नादाला कोण लागतं?

तर मुद्दा पहिला : बाईचा आवाज कानाला टोचतो, उत्कंठेच्या क्षणी किंचाळल्यासारखा वाटतो.

१९९८ ला शारजात सचिनने कॅस्प्रोविचला उचलून मारला तेव्हा कॉमेंट्रेटर टोनी ग्रेग काय कुजबुजत होता का? तो ओरडत होता, आवाज फाटेपर्यंत, आणि त्या क्लिपा आपण अजून एकमेकांना पाठवतो. षटकार गेला की माणसाचा आवाज चढतोच. बुवाचा चढला की ‘जोश’, बाईचा चढला की ‘किंचाळणं’. आणि दादा, तू लहानपणापासून सोलापूरच्या पार्क मैदानावर ज्या कर्ण्यातून ‘गेला, गेला, गेला, बॉल थेट रस्त्यावर!’ ऐकत आलास, त्या कर्ण्यात खर्ज उतरतच नाही. भीमसेन जोशींना उभं केलं असतं तरी आवाज पत्र्यासारखाच आला असता. जुन्या टेलिफोनची गोष्ट तशीच. त्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा. बायकांच्या ‘स’, ‘श’ची धार बरीचशी त्याच्या वर असते, म्हणजे तीच कापली जायची. दोष यंत्राचा, नाव मात्र आवाजाचं खराब. आज टीव्हीवर ती अडचण उरलेली नाही. उरलीय ती कानांची सवय, आणि सवय ऐकल्याशिवाय बदलत नाही. त्यासाठी पोरीने घसा का फोडून घ्यायचा?

दुसरा मुद्दा : पुरुषांचं क्रिकेट ज्या खेळल्याच नाहीत, त्यांनी त्यावर बोलू नये. हा मुद्दा लिहिणाऱ्याने हर्षा भोगलेंचं नाव ऐकलेलं दिसत नाही. ते प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळलेले नाहीत आणि इतकी वर्षं आपण त्यांना आनंदाने ऐकतोय. उलट लिसा स्थळेकर बघा. जन्म पुण्याचा, तिथल्याच अनाथाश्रमातून दत्तक गेली आणि ऑस्ट्रेलियाकडून खेळली. वनडेत हजार धावा आणि शंभर बळी असा दुहेरी पल्ला गाठणारी पहिली बाई. २०१३ चा विश्वचषक मुंबईत जिंकला, अंतिम सामन्यातला शेवटचा झेल तिनेच घेतला. २०१५ च्या आयपीएलमध्ये अंजुम चोप्रा, ईशा गुहा, मेल जोन्स आणि ही, अशा चौघी कॉमेंट्रीला होत्या. चौघीही आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळलेल्या. म्हणजे न खेळलेला पुरुष चालतो, विश्वचषक जिंकलेली बाई चालत नाही. हे कुठलं गणित?

तिसरा : बायकांना नियम कळत नाहीत. यावर इंग्लंडमधला एकच किस्सा पुरे. जानेवारी २०११, वुल्व्ज विरुद्ध लिव्हरपूल, फुटबॉलची मॅच. लाइनवर सियान मॅसी नावाची सहायक पंच. अँडी ग्रे आणि रिचर्ड कीज हे स्काय स्पोर्ट्स चॅनेलचे दोन बडे चेहरे मॅचआधी आपसात बोलले, की कुणीतरी जाऊन तिला ऑफसाइडचा नियम समजावून सांगा. माइक बंद आहे असा त्यांचा समज. पुढे मॅचमध्ये लिव्हरपूलच्या पहिल्या गोलला ऑफसाइडचाच वांधा आला. तिने झेंडा वर केला नाही, म्हणजे गोल मान्य केला, आणि रिप्लेत तीच बरोबर निघाली. ग्रेची नोकरी गेली, कीजने राजीनामा दिला.

चौथा : बायका बोलताना घसरतात. पुरावा म्हणून ईशा गुहा. हो, डिसेंबर २०२४ ला ब्रिस्बेनच्या गॅबा कसोटीत कॉमेंट्री करताना तिने बुमराहबद्दल ‘प्रायमेट’, म्हणजे वानरवर्गातला प्राणी, हा शब्द वापरला. चुकीचाच होता, सारवासारव मी करणार नाही. दुसऱ्या दिवशी तिने थेट प्रक्षेपणात माफी मागितली. पण २०२१ मध्ये दिनेश कार्तिक कॉमेंट्री करताना म्हणाला होता, की बॅट शेजाऱ्याच्या बायकोसारखी असते, दुसऱ्याचीच बरी वाटते. त्यानेही माफी मागितली. त्यावरून ‘पुरुषांना बॉक्समधून काढा’ असा मेसेज दादाने टाकलेला मला तरी आठवत नाही.

पाचवा : बायका फक्त शोभेला बसवतात. यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. २००३ च्या विश्वचषकात टीव्हीवरची अँकर मंदिरा बेदी हिच्या प्रश्नांपेक्षा तिच्या ब्लाउजच्या पट्ट्यांचीच चर्चा जास्त झाली. पण बसवणारं चॅनेल, चर्चा करणारे आपण, आणि शिक्षा आजच्या पोरींना? शिवाय त्याच्या कितीतरी आधी, १९७७ मध्ये इंदूरला मुंबई विरुद्ध एमसीसी (म्हणजे दौऱ्यावर आलेला इंग्लंडचा संघ) सामन्याची कॉमेंट्री चंद्रा नायडूंनी केली होती. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडूंची ही लेक. शोभेचा तिथे काय संबंध?

राहिला सहावा : बायकांचं क्रिकेट बघतं कोण, त्यात दम नसतो. आपल्याच जिल्ह्यातल्या किरण नवगिरेने २०२२ मध्ये नागालँडकडून टी-ट्वेंटीत नाबाद १६२ ठोकल्या. दादा, एवढ्या धावा तुझी अख्खी टीम कॉलनीच्या स्पर्धेत दोन मॅच मिळून करत नाही. आणि तरीही बाईचा आवाज नकोच असेल, तर मॅच म्यूट करून बघ. भाची तशीच बघते.