रॉकेट सुटल्यानंतर

कॉलेजच्या जुन्या व्हॉट्सॲप गटात परवा पुन्हा पेटलं. एका ज्युनिअरने साधं विचारलं होतं: आपला बंद पडलेला उपग्रहाचा प्रकल्प पुन्हा सुरू करतोय, माजी विद्यार्थी मदत करतील का? लगेच एकाचं उत्तर, "भाग परदेशातून आणायचे, सोडायचा इस्रोने, मग तुमचं काय त्यात?" दुसऱ्याने उत्तरादाखल पुण्याच्या सीओईपी कॉलेजच्या 'स्वयम्'ची २०१६ सालची बातमी टाकली. जेमतेम किलोभर वजनाचा उपग्रह, पोरांनी आठेक वर्षं खपून केलेला. मग अभिमान विरुद्ध टवाळी, रात्री दीडपर्यंत. मी नेदरलँड्समध्ये डेल्फ्टजवळ राहतो, त्यामुळे मलाही ओढलं गेलं: "तिकडे कसं असतं रे?"

तिकडचा डेल्फी-सी३, म्हणजे डेल्फ्टच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा उपग्रह, आपल्याच श्रीहरिकोट्याहून गेला, २८ एप्रिल २००८ ला, इस्रोच्या पीएसएलव्ही-सी९ रॉकेटवरून. दहा सेंटीमीटरचे तीन ठोकळे एकावर एक ठेवावेत एवढा. त्यात बॅटरीच नव्हती. ऊन पडलं की जागा, पृथ्वीच्या सावलीत शिरला की गप्प. जगभरचे हॅम, म्हणजे हौशी, रेडिओवाले त्याचे संदेश टिपून डेल्फ्टला पाठवायचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो वातावरणात जळून गेला, म्हणजे पंधरा वर्षं टिकला.

पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. त्या प्रकल्पातल्या काही मुलांनी २००६ मध्येच छोटे उपग्रह आणि त्यांचे भाग विकणारी कंपनी काढली. १५ फेब्रुवारी २०१७ ला पीएसएलव्हीने एका उड्डाणात १०४ उपग्रह सोडले, तेव्हा त्यातल्या १०१ ची व्यवस्था याच कंपनीकडे होती. त्या दिवशी आमच्या गटात नुसते फटाके फुटत होते. १०४ चा आकडा अजून सगळ्यांना पाठ आहे. १०१ चं मलाही इथे आल्यावरच कळलं.

तेव्हा "भाग बाहेरून आणले" हा टोमणा मला पटत नाही. ते भाग विकणारेही कधीकाळी असेच रात्री जागणारे विद्यार्थी होते. आपल्याकडेही २०१९ मध्ये बिट्स पिलानीच्या दोघांनी शिकता शिकता 'पिक्सेल' ही उपग्रहांची कंपनी उभी केलीच की.

इथे सगळं सोन्याचं आहे असंही नाही. डेल्फीचा पुढचा उपग्रह, एन३एक्सटी, २०१३ च्या नोव्हेंबरात गेला आणि तीन महिन्यांत मुका झाला. सात वर्षांनी, २०२१ मध्ये, त्याचा आवाज अचानक पुन्हा आला. आला तेव्हा तो ओळखणारं, त्याच्याशी बोलायचं कसं हे माहीत असणारं कुणीतरी विद्यापीठात होतं. मला हेवा वाटतो तो याचा. बरंचसं काम एमएस्सीच्या प्रबंधात मोडतं. लिहिल्याशिवाय पदवी नाही, म्हणून पोरं कुरकुरत का होईना, लिहून ठेवतात.

आमच्या कॉलेजच्या प्रकल्पात दुसऱ्या वर्षाच्या मुली रात्री अकराला सोल्डरिंग करायच्या. अशी धमक मी इथे फारशी पाहिली नाही. पण ते सगळं लेक्चर बुडवून, अटेंडन्सची बोलणी खात. प्लेसमेंट लागली की माणूस गेला. उपग्रहाला वीज पुरवणारा पॉवर बोर्ड माझ्याकडे आला तो बुटाच्या खोक्यात, वर टेप: "हात लावू नका". का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. बंगळुरूला गेलेल्या सीनिअरला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता, म्हणाला, "एक रेझिस्टर बदलला होता बहुतेक." तो शोधण्यात माझे चार महिने गेले. आणि निघताना मी काय केलं? 'फायनल-फायनल-२' नावाचं एक फोल्डर पेनड्राइव्हवर टाकलं आणि विमान पकडलं. पुढच्या वर्षी प्रकल्प बंद पडला. कॉलेजने निधी दिला नाही असं मी बरीच वर्षं सांगत आलो. तेही खोटं नाही, पण अर्धंच.

म्हणून गटातल्या भांडणात न पडता त्या ज्युनिअरला वेगळा मेसेज केला: प्रयोगशाळेत जुनं काही उरलंय का, बघ. तासाभरात फोटो आला. खोकं तेच, टेप पिवळी पडलेली. खाली त्याने विचारलं होतं, "दादा, याला हात का नाही लावायचा?"