निर्गुडी ‘पेनकिलरइतकीच गुणकारी’? प्रयोग तसं म्हणत नाहीत

सध्या फिरणारा निरोप असा: “निर्गुडीचा पाला सांधेदुखीवर प्रयोगशाळेत सिद्ध. पेनकिलरइतकाच गुणकारी, दुष्परिणाम शून्य. रोज मूठभर पाल्याचा काढा घ्या, गोळ्या बंद करा.” निर्गुडीवर प्राण्यांमध्ये प्रयोग झालेत, सूज उतरल्याचे निष्कर्षही आहेत. पण त्यांतून यातलं एकही विधान निघत नाही.

“सांधेदुखीवर सिद्ध.” नेहमीचा प्रयोग कॅराजिननचा, म्हणजे सूज आणणाऱ्या एका पदार्थाचा. उंदराला अर्क पाजायचा, तासाभराने मागच्या पंजात १ टक्का कॅराजिनन ०.१ मिलिलिटर टोचायचं आणि चार-पाच तास पंजा द्रवात बुडवून त्याचं आकारमान मोजायचं. ही काही तासांची सूज आहे, वर्षानुवर्षांचा आमवात नव्हे. त्याच्या जवळ जायचं तर फ्रॉइंडचं ॲडज्युव्हंट (सांध्यांना दीर्घकाळ सूज आणणारं मिश्रण) टोचून २१ ते २८ दिवसांचा प्रयोग लागतो, आणि माणसांवरची चाचणी त्यानंतरही उरतेच. मोजमापही नाजूक: घोट्यावर शाईची खूण केली नाही, तर पंजा दर वेळी कमी-जास्त बुडतो आणि ती चूकच ‘गुण’ म्हणून छापली जाते. मोजणाऱ्याला कुठला गट कोणता हे माहीत नसावं.

“पेनकिलरइतकाच.” इथे सगळ्यात मोठी फसगत आहे. तुलनेला इंडोमेथॅसिन हे सूज-वेदना कमी करणारं औषध उंदराच्या वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम आणि अर्क ४०० मिलिग्रॅम, म्हणजे चाळीसपट. गटात सहा-सहा उंदीर. दोन्ही गट औषध न दिलेल्या गटापेक्षा सरस ठरले, एवढ्यावरून ते एकमेकांच्या बरोबरीचे ठरत नाहीत. ती तुलना वेगळी करावी लागते. ॲसेटिक ॲसिड पोटात टोचून पिळवटण्याचे झटके मोजणाऱ्या चाचणीत तर गुंगी आणणारा किंवा स्नायू सैल करणारा पदार्थही वेदनाशामक भासतो. म्हणून सोबत रोटारॉडवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, उंदराचा तोल तपासायलाच हवा.

“मूठभर पाला.” उंदराचा डोस माणसासाठी बदलताना साधारण ६.२ ने भागतात. किलोमागे ४०० चे ६५ मिलिग्रॅम होतात. ६० किलोच्या माणसाला जवळपास ४ ग्रॅम कोरडा अर्क. पाल्यातून १० टक्के अर्क निघतो असं धरलं, तर रोज सुमारे ४० ग्रॅम वाळका पाला! हा डोस घ्यावा असं मुळीच नाही; निरोपातल्या मुठीला आधार नाही, एवढंच यातून कळतं. शिवाय पुष्कळ प्रयोगांत अर्क अल्कोहोलमधला असतो. पाण्यात उकळलेल्या काढ्यात तीच द्रव्यं त्याच प्रमाणात उतरत नाहीत.

“दुष्परिणाम शून्य.” यामागे बहुधा ओईसीडी ४२३ ही विषारीपणाची ठरावीक चाचणी असते: एकदाच मोठा डोस, १४ दिवस निरीक्षण. रोज महिनोन्‌महिने घेतल्यावर यकृत-मूत्रपिंडाचं काय होतं, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी २८ आणि ९० दिवसांच्या वेगळ्या चाचण्या आहेत.

“गोळ्या बंद करा.” हे सरळ घातक आहे. आमवातात मेथोट्रेक्सेटसारखं औषध ठणका थांबवण्यापुरतं नसतं. सांध्याची झीज रोखायला असतं. निर्गुडीच्या पाल्याचा बाहेरून शेक घ्यायला हरकत नाही. कातडीवर पुरळ आलं तर थांबवावा. पण गोळी कमी करायची तर डॉक्टरांना विचारून, आणि काढा चालू असेल तर तोही त्यांना सांगून.