जोन हॅरिसनबद्दल, जरा सविस्तर

परवा ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला. सिनेमा शिकतेय, रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याच्यावर प्रोजेक्ट करतेय. बोलता बोलता म्हणाली, "ताई, ती जोन हॅरिसन म्हणजे त्यांची सेक्रेटरीच ना?"

हो, सेक्रेटरी होती. १९३३ साली. त्यानंतर ती साठ वर्षं जगली. त्यातली निदान तीस वर्षं तिनं काय केलं हे सांगताना फोनवर पाऊण तास गेला आणि तरी माझं सांगून झालं नाही. म्हणून इथे लिहितेय.

मी स्वतः मराठी मालिकांच्या निर्मितीत अकरा वर्षं काढली आहेत. त्यामुळे या बाईबद्दल मला तटस्थपणे लिहिता येणार नाही, हे आधीच सांगते.

जोन इंग्लंडमधल्या गिल्डफर्डची. जन्म १९०७. वडील वर्तमानपत्राच्या धंद्यात, शिक्षण ऑक्सफर्डला. एक काका लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात नोकरीला होते, त्यामुळे खुनाचे खटले जाऊन ऐकायची तिची सोय होती आणि तिला त्याची मनापासून आवडही होती. हिचकॉकनं सेक्रेटरी हवी म्हणून जाहिरात दिली, ती वाचून ही गेली. थोड्याच काळात तिचं काम पत्रं टाइप करण्यापलीकडे गेलं. ती त्याच्यासाठी कादंबऱ्या वाचायची, कशात सिनेमा आहे आणि कशात नाही ते सांगायची, आणि मग हिचकॉक, त्याची बायको अल्मा रेव्हिल आणि जोन असे तिघं बसून कथा उभी करायचे. १९३९ साली हिचकॉक कुटुंब हॉलिवूडला गेलं तेव्हा जोनही बरोबर गेली. त्याच वर्षीच्या 'जमैका इन'च्या पटकथेत तिचं नाव आहे. पुढे 'रिबेका', 'फॉरेन करस्पाँडंट', 'सस्पिशन', 'सॅबोटर', सगळीकडे आहे.

१९४१ च्या ऑस्करला एकाच वर्षी तिला दोन नामांकनं होती, 'रिबेका'साठी एक आणि 'फॉरेन करस्पाँडंट'साठी दुसरं. मूळ पटकथेचा (ओरिजिनल स्क्रीनप्ले) वेगळा विभाग त्याच वर्षी सुरू झाला होता, 'फॉरेन करस्पाँडंट'चं नामांकन त्यातलं, आणि त्या विभागात नामांकन मिळालेली ती पहिली बाई. पुरस्कार दोन्हीकडे हुकला.

इथे थांबली असती तरी चांगलं चाललं असतं तिचं. हिचकॉकच्या घरात जवळजवळ घरचीच झालेली, हाताला काम, मोठे सिनेमे. पण ती बाहेर पडली. स्वतःला निर्माती व्हायचंय म्हणाली.

आता निर्माता म्हटलं की आपल्याकडे पैसे लावणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. हॉलिवूडच्या स्टुडिओ पद्धतीत पैसे स्टुडिओचे. निर्मात्यानं करायचं ते वेगळंच. गोष्ट शोधायची, तिचे हक्क मिळवायचे, लेखक बसवायचा, दिग्दर्शक निवडायचा, नट ठरवायचे, सेन्सॉरच्या कचेरीशी पत्रव्यवहार करायचा, रशेस, म्हणजे शूट झालेलं कच्चं चित्रण, बघायचे, एडिटला बसायचं, आणि वरचे साहेब "हे काढा" म्हणाले की काय काढायचं आणि कशासाठी भांडायचं ते ठरवायचं. सगळ्या निर्णयांवर तुमचा हात, आणि पडद्यावर तुमच्या हाताचा ठसा कुठेच नाही. ज्यांनी हे काम केलंय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

१९४० च्या दशकात हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंमध्ये हे काम करणाऱ्या बायका एका हाताच्या बोटांवर मोजता येत. जोन, कोलंबियामध्ये 'गिल्डा'ची निर्माती व्हर्जिनिया व्हॅन अप, आरकेओमध्ये हॅरिएट पार्सन्स. एवढीच नावं पुन्हापुन्हा येतात. म्हणजे आधी बायका नव्हत्याच असं नाही. मूकपटांच्या काळात लोइस वेबर स्वतःचे सिनेमे स्वतः काढत होती, मेरी पिकफर्ड १९१९ साली युनायटेड आर्टिस्ट्सच्या संस्थापकांत होती. सिनेमा हा मोठ्या पैशाचा धंदा झाला तसतशी बायकांची खुर्ची मागे सरकत गेली. जोनला ती पुन्हा पुढे ओढावी लागली.

तिचा पहिला सिनेमा 'फँटम लेडी', १९४४, युनिव्हर्सल. कॉर्नेल वूलरिचची कादंबरी, त्यानं विल्यम आयरिश या टोपणनावानं लिहिलेली. दिग्दर्शक रॉबर्ट सिओडमॅक, जर्मनीतून परागंदा झालेला, त्या वेळी स्टुडिओनं फुटकळ सिनेमांवर लावलेला. गोष्ट अशी: एका इंजिनिअरला बायकोच्या खुनासाठी फाशीची शिक्षा होते. खुनाच्या रात्री तो एका अनोळखी बाईबरोबर होता, पण ती बाई सापडत नाही आणि तिला पाहिलेला प्रत्येक माणूस "मी नाही पाहिलं" म्हणतो. मग त्या बाईला शोधायला कोण निघतं? त्याची सेक्रेटरी.

हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी सिनेमा थांबवून दोन मिनिटं नुसती बसले होते. सेक्रेटरी म्हणून आत आलेली बाई निर्माती म्हणून पहिला सिनेमा करते आणि त्यात सगळं धैर्य, सगळी अक्कल सेक्रेटरीच्या पदरात टाकते. एला रेन्सनं ती भूमिका काय केलीय! रात्री बारमध्ये एका साक्षीदाराकडे टक लावून बसलेली, मग रिकाम्या रस्त्यांवरून त्याच्या मागे चालत गेलेली. पाठलाग बाईचा होत नाहीये, बाई करतेय. आणि तळघरातला तो जॅझचा प्रसंग, एलिशा कुक ज्युनिअर ड्रम बडवतोय, घामाघूम, आणि ती त्याला नजरेनं चढवतेय. १९४४ च्या सेन्सॉरखाली हे कसं निसटलं याचं आजही आश्चर्य वाटतं. वर्तमानपत्रांनी मात्र तेव्हा लिहिलं ते जोनच्या रूपाबद्दल आणि कपड्यांबद्दल. श्रेयनामावलीत 'असोसिएट प्रोड्यूसर'.

आता मला ज्या गोष्टीबद्दल खरं तर लिहायचंय ती.

१९४५ साली तिनं 'द स्ट्रेंज अफेअर ऑफ अंकल हॅरी' केला. पुन्हा सिओडमॅक, पुन्हा एला रेन्स. मूळ ब्रॉडवेवरचं नाटक. दोन बहिणींच्या कचाट्यात अडकलेला एक मवाळ माणूस, हातून खून होतो, शिक्षा भलत्याच व्यक्तीला होते आणि हा मोकळा राहतो, स्वतःच्या मनाच्या कोठडीत. पण हॉलिवूडच्या तेव्हाच्या सेन्सॉर-नियमांनुसार गुन्हेगार पडद्यावर सुटता कामा नये. वेगवेगळे शेवट करून पाहिले गेले. अखेर स्टुडिओनं जो लावला तो असा: हे सगळं स्वप्न होतं. हॅरी जागा होतो, सगळं आलबेल.

जोननं युनिव्हर्सल सोडलं.

सहज सोडण्यासारखी जागा नव्हती ती. बाईला निर्माती म्हणून उभं करणारा तोच स्टुडिओ, दुसरीकडे काय मिळेल याची खात्री नाही. तरी सोडलं.

हे वाचलं तेव्हा मला माझी एक मीटिंग आठवली. आमच्या एका मालिकेत एक सून आठ महिन्यांच्या कथानकानंतर घर सोडून जाते, असं आम्ही लिहिलं होतं. कुठे जाते, काय काम धरते, सगळं ठरलं होतं. लेखिकेनं जीव ओतला होता. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवायचे भाग, तयार होत आली आणि वरून निरोप आला, ती उंबरठ्यावरून परत फिरली पाहिजे, आपल्या बायका असं करत नाहीत. मी वाद घातला, दोन दिवस घातला, हरले. परत फिरण्याचा सीन माझ्याच देखरेखीखाली शूट झाला. मी राजीनामा दिला नाही. घराचे हप्ते होते, युनिटमधल्या साठ माणसांचं शेड्यूल होतं. लेखिका त्यानंतर माझ्याशी महिनाभर बोलली नाही आणि तिचं काही चुकलं नव्हतं.

म्हणून जोनचं ते दार उघडून निघून जाणं मला फार मोठं वाटतं. आणि तिनं पुढे जे केलं ते त्याहून मोठं. आधी आरकेओत 'नॉक्टर्न' आणि 'दे वोन्ट बिलीव्ह मी' केले, मग १९४७ साली युनिव्हर्सलच्याच नव्या कंपनीत परत जाऊन रॉबर्ट मॉन्टगोमेरीबरोबर 'राइड द पिंक हॉर्स'. त्यातल्या थॉमस गोमेझला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं. नंतरचे सिनेमे मला तितके भावत नाहीत, ते सोडून देते.

मग २ ऑक्टोबर १९५५. 'आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स' सुरू झाली. हिचकॉकनं या मालिकेसाठी बोलावलं ते जोनला. अर्ध्या तासाचे २६८ भाग, पुढे नाव बदलून एक तासाचे ९३. एकूण ३६१. यातले हिचकॉकनं दिग्दर्शित केले किती? १८. याच वर्षांत तो 'व्हर्टिगो', 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' आणि 'सायको' करत होता. मग दर आठवड्याला एक गोष्ट निवडणं, ती चोवीस-पंचवीस मिनिटांत बसवणं, दोन-तीन दिवसांत शूट होईल अशी तोडणं, दिग्दर्शक आणि नट जमवणं, हे कोण करत होतं? दैनंदिन मालिका केलेल्या माणसानं हा आकडा वाचला की पाठीतून कळ जाते. प्रसारणाची तारीख थांबत नसते.

नामावलीत जोन आधी असोसिएट प्रोड्यूसर, मग प्रोड्यूसर. १९५७ पासून जोडीला नॉर्मन लॉइड आला. त्या काळात कम्युनिस्टविरोधी काळ्या यादीमुळे काम न मिळणारा माणूस. 'सॅबोटर'मध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यावरून पडतो तो हाच. त्याला घ्यायला वाहिनीनं हरकत घेतली, हिचकॉक ठाम राहिला. इडा लुपिनोनं दोन भाग दिग्दर्शित केले, अमेरिकी टीव्हीवर बाई दिग्दर्शक दिसणं दुर्मीळ होतं तेव्हा.

आणि आता तो शेवट. टीव्हीवरही नियम तोच, गुन्हेगार सुटता कामा नये. या मालिकेत मात्र गोष्टीला हात लावत नाहीत. गोष्ट जिथे संपायची तिथे संपते, खुनी निवांत बसलेला असतो. मग हिचकॉक पडद्यावर येतो आणि चेहरा गंभीर ठेवून सांगतो की नंतर तो पकडला गेला बरं का. ते त्याच्या तोंडचं निवेदन जेम्स अॅलर्डाइस लिहायचा. नियम पाळला गेला आणि कुणाचा विश्वासही बसला नाही. ही युक्ती जोनचीच, असा दावा मी करत नाही. पण दहा वर्षांपूर्वी एका शेवटासाठी नोकरी सोडलेली बाई त्या मालिकेच्या निर्मातीच्या खुर्चीत होती, आणि तिच्या देखरेखीखाली आठवड्यामागून आठवडा गोष्टींचे शेवट शाबूत राहिले, एवढं मला पुरतं.

१९५८ साली तिनं हेरकथालेखक एरिक अँबलरशी लग्न केलं. पुढे इंग्लंडमध्येही टीव्हीचं काम केलं. १९९४ साली लंडनमध्ये गेली.

त्या मुलीचा फोन ठेवल्यावर मी रात्री १९५८ सालचा 'लॅम्ब टू द स्लॉटर' पुन्हा लावला. रोआल्ड डालची कथा, दिग्दर्शन हिचकॉकचंच, आणि ते अप्रतिम आहे. नवरा सोडून जातो म्हणतो, बायको गोठलेली मेंढीची तंगडी त्याच्या डोक्यात घालते, मग तीच ओव्हनमध्ये भाजून तपासाला आलेल्या पोलिसांना वाढते. हत्यार इथेच कुठेतरी आपल्या नाकासमोर असेल, असं पोलीस जेवता जेवता म्हणतात आणि बाजूच्या खोलीत ती हसायला लागते. मग हिचकॉक येऊन सांगतो, दुसऱ्या नवऱ्याच्या वेळी ती सापडली, कारण त्यानं फ्रीजर लावायचं विसरल्यामुळे मांस मऊ पडलं होतं.

त्यानंतर नामावली सुरू झाली. मी रिमोट हातात धरून बसले होते. नाव आलं तेव्हा थांबवलं, फोटो काढला आणि त्या मुलीला पाठवला. 'प्रोड्यूस्ड बाय जोन हॅरिसन.'

तिचं उत्तर आलं, "ताई, प्रोजेक्टचा विषय बदलू का?"