मजा आली पाहिजे

वाचनालयाच्या मीटिंगमध्ये अध्यक्ष नानांनी एकच वाक्य टाकलं आणि चहाचा कप पुढं ओढला. "अप्पा, यंदा सुट्टीत पोरांसाठी काहीतरी करा. पण हसतखेळत हं. मजा आली पाहिजे." सूचक नाना, अनुमोदक सगळे, राबणारा मी. खर्चाच्या रकान्यात 'देणगीतून' एवढंच लिहिलं गेलं. देणगी कुणाची, हे इतिवृत्तात नाही.

आमचं वाचनालय 'ब' वर्गाचं. सभासद दोन प्रकारचे: बाल आणि सर्वसाधारण. दहा ते सोळा वयाची पोरं कुठल्याच रकान्यात मावत नाहीत. बाल विभागाच्या बुटक्या खुर्चीत बसली की गुडघे कानाला लागतात, आणि मोठ्यांच्या टेबलाशी गेली की पेपर वाचणारे पेन्शनर खाकरायला लागतात. गोष्ट सांगितली तर 'आम्ही काय लहान आहोत का?' व्याख्यान ठेवलं तर 'आम्ही काय म्हातारे आहोत का?'

आधी तारखेचा घोळ. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुली झोक्यावरून खाली उतरत नाहीत. आखाजी संपली की लग्नं. शेवटी मेचा दुसरा आठवडा धरला, दुपारी तीन ते पाच. त्या वेळेला आमच्या रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, पारा ४४ वर असतो. तरी पहिल्याच दिवशी अकरा पोरं आली. माझी छाती फुगली. ती कूलरसाठी आली होती, हे तिसऱ्या दिवशी कूलरची मोटर जळाल्यावर कळलं. त्या दिवशी तीनच होती, आणि त्यातला एक पेन्शनरांचा नातू, त्याला घरी न्यायला कुणी आलं नव्हतं म्हणून.

त्या तीन दिवसांत मी काय नाही केलं! कविता वाचन ठेवलं. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई म्हणून मोठ्या अभिमानानं सुरुवात केली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, ओव्या मुलानं आणि इतरांनी उतरवून घेतल्या, असं सांगितलं. लगेच मागच्या बाकावरून प्रश्न, "मग आम्ही कशाला वाचायचं?" दुसऱ्या दिवशी ग्रंथालयशास्त्र सोपं करून सांगायला गेलो. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं सूत्र, वाचकाचा वेळ वाचवा. "पण अप्पा, आम्ही तर वेळ घालवायला आलोय." भित्तिपत्रक काढू म्हटलं. समितीतले गुरुजी म्हणाले, साने गुरुजींनी अमळनेरला मुलांसाठी 'विद्यार्थी' मासिक काढलं, तुम्हाला एक कागद चिकटवता येत नाही? आला. त्यावर पोरांनी फक्त कूलरचं चित्र काढलं.

खाऊ म्हणून एका सदस्यांनी बागेतला केळीचा घड पाठवला. जळगाव जिल्ह्यात पोरांना केळी! घड जसाच्या तसा राहिला, पेन्शनरांनी संपवला.

चौथ्या दिवशी मी हात टेकले. वाळवी लागलेली जुनी देवघेव रजिस्टरं उन्हात घालायची होती, ती उचलायला पोरांना लावलं. एका मुलीनं एक वही उघडली आणि तिथंच उभी राहिली.

"अप्पा, हे लाल शाईनं काय लिहिलंय?"

"पुस्तक नेलं आणि परत केलं नाही, त्यांची नावं."

"मग त्यांना पकडलं नाही?"

अशी शांतता त्या हॉलमध्ये वाचनतासालाही कधी झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कूलर बंद, आणि पोरं तेवीस. फळ्यावर खडूनं 'वसुली पथक'. जुनी नावं वाचायची, कोण कुणाचा आजा, कोण सुरतेला गेला, कोण वारला, हे घरी आजीला विचारून यायचं. माझ्या हस्ताक्षराला नावं ठेवत त्यांनी तीन दिवसांत जेवढं वाचलं, तेवढं मी बाल विभागात वर्षभरात वाचून घेतलं नसेल. संध्याकाळी ऊन उतरलं की सायकली निघायच्या.

पाटील गल्लीतल्या एका आजीनं पाककृतींचं पुस्तक काढून दिलं. पानापानावर हळद आणि तेलाचे डाग, आणि मांड्यांचं पान फाटलेलं. आजी म्हणाली, "ते पान माले पाठ शे, लिखी ल्या." मग ओट्यावर बसून पोरांनी लिहून घेतलं. मांडा हातावर किती वाढवायचा, खापर किती तापलं की टाकायचा. पोरांनी मांडे खाऊन, तो कागद पुस्तकात डकवून आणला. दंड मागायचं विसरले.

आणि मग १९९१ ची वही निघाली. कुक्कुटपालनावरचं पुस्तक. परतीची तारीख १९ मे. सभासदाचं नाव वाचून पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

दंड दिवसाला पाच पैसे. एका पोरानं चौतीस गुणिले तीनशे पासष्ट केलं. "लीप वर्षं कोण धरणार?" त्याच मुलीनं बोटांवर मोजून नऊ दिवस वाढवले. बारा हजार चारशे एकोणीस दिवस. सहाशे वीस रुपये पंच्याण्णव पैसे. पावतीबुक माझ्याच ड्रॉवरमधून गेलं.

नाना ओसरीत झोपाळ्यावर होते म्हणे. कोंबड्या केव्हाच गेल्या होत्या. पुस्तक कपाटात अध्यक्षपदाच्या सत्काराच्या शालींखाली निघालं. नानांनी सहाशे एकवीस रुपये दिले. पोरं पाच पैसे परत द्यायला अडून बसली. शेवटी 'जमा' अशी नोंद करून पावती फाडली.

कालच्या मीटिंगला नाना बराच वेळ चहा ढवळत बसले. मग म्हणाले, "अप्पा, पुढल्या वर्षी जरा कमी मजेचं काहीतरी बघा."

सचिवांनी जोरात मान हलवली. त्यांचं नाव १९९४ च्या वहीत आहे. पोरं अजून १९९२ वर आहेत.