परत घेतलं, पण कसं घेतलं?

नवी मुंबईत दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या एमआयडीसीत कुणाचं काम गेलं आणि पुन्हा मिळालं, की घरी एकच निरोप येतो: "परत घेतलं." लगेच पेढे. पत्र मात्र घडी घालून कपाटात. माझं म्हणणं, पेढे दोन दिवसांनी वाटा, आधी ते पत्र वाचा. रबाळ्याला पगारपत्रकं करण्यातच माझी सगळी नोकरी सरली, त्यामुळे अशी पत्रं बरीच हाताखालून गेली आहेत.

सगळ्यात भक्कम पत्र असतं "सेवासातत्यासह व मागील पगारासह पूर्वपदावर" असं लिहिलेलं. हे सहसा कामगार न्यायालयातूनच येतं. घरी बसलेला काळसुद्धा नोकरीत धरला जातो. काढणं बेकायदा ठरलं तर मागचा पगार मिळणं हाच सर्वसाधारण नियम, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या खटल्यात सांगितलंय. अर्थात निकाल लागेपर्यंत माणूस रिक्षा चालवायला लागलेला असतो, ते वेगळं.

दुसरं पत्र गोड भाषेत असतं. "आपल्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून आपणास संधी देण्यात येत आहे." या वाक्याची मला मनस्वी चीड आहे. हक्काची गोष्ट उपकार म्हणून हातावर ठेवायची! खाली बारीक अक्षरात "नवीन नेमणूक", सहा महिने प्रोबेशन, आणि त्याआधी राजीनाम्यावर सही घेऊन जुना हिशेब चुकता केलेला. मशीन तेच, लॉकर तोच, टोकन नंबर तेवढा नवा.

यात काय बिघडलं, असं विचारणाऱ्यांसाठी हिशेब मांडतो. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम, अशी निघते: शेवटचा महिन्याचा पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. समजा, १४ वर्षांनी हिशेब घेतला तेव्हा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,००० होते. हातात साधारण ९७ हजार. मग नवीन नेमणुकीवर ४ वर्षं केली आणि २०,००० पगारावर नोकरी सोडली. कायम कामगाराला पाच वर्षांची अट, म्हणून या चार वर्षांचं काहीच नाही. नोकरी सलग धरली असती तर १८ वर्षांचे २ लाख ७ हजारांवर गेले असते. एक लाख दहा हजार त्या "नवीन" शब्दात गेले. रजा आणि ज्येष्ठता यांचं तर मी बोलतच नाही.

आणि तिसरा प्रकार, आजकाल सगळ्यात जास्त चालणारा: ठेकेदाराकडून. गेटपासवर ठेकेदाराचं नाव, आणि सुपरवायझर हसून म्हणणार, "आलास ना परत घरी!"

युनियनवाल्यांनाही सोडणार नाही. गेटवर "कामगार एकजुटीचा विजय" असा बॅनर लावायचा, आणि आत एकेकाकडून हमीपत्र लिहून घेतलं जात असताना गप्प बसायचं. करारात सेवासातत्याची ओळ नसेल, तर गुलाल कसला उधळता?

ऑर्डर नाही म्हणून कामगार कपात झाली असेल, तर आणखी एक गोष्ट. पुन्हा भरती करताना कपात केलेल्यांना आधी विचारायचं, हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातच होतं, कलम २५ एच. त्याला मुदत नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत हा हक्क कपातीपासून एका वर्षापुरता आहे. म्हणजे "काम आलं की फोन करतो" या शब्दावर वर्षभर थांबलात, तर तेराव्या महिन्यात कंपनी बाहेरची पोरं बिनदिक्कत घेईल. पत्ता आणि मोबाईल नंबर लिहून, मला कामावर यायचंय असा साधा अर्ज कंपनीत द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

परत रुजू झालेल्यांनी पहिल्या महिन्याची पगाराची स्लिप काढून "रुजू दिनांक" बघावा. तिथे जुनीच तारीख हवी. नवी दिसली तर त्याच आठवड्यात लेखी हरकत नोंदवा, पाच वर्षांनी माझ्यासारख्याला शोधत येऊ नका. कुणाकडे असं पत्र असेल, तर नाव आणि कंपनी खोडून कमेंटमध्ये टाका. बघून सांगतो.