स्टेप्स कुठे आहेत?

ज्या घरात एकाला गणित येतं, त्या घरात रात्रीचं जेवण वेळेवर होत नाही. आमच्याकडे तो एक म्हणजे मी. बँकेत नोकरीला आहे म्हणजे ह्याला गणित येणारच, असं घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलंय आणि दुर्दैवाने ते खरं आहे. त्यात मुलगी अकरावी सायन्सला गेली आणि ‘स्ट्रेट लाइन’ नावाचा धडा आमच्या डायनिंग टेबलावर मुक्कामाला आला.

गणित साधं होतं. ३क्ष + ४य = १२ ह्या रेषेला समांतर आणि (२, −१) ह्या बिंदूतून जाणारी रेषा काढा. आता ह्यात काढण्यासारखं काय आहे? समांतर म्हणजे चढ तोच. चढ ठरतो क्ष आणि य ह्यांना चिकटलेल्या आकड्यांवरून. तेव्हा डावी बाजू जशीच्या तशी उचलायची आणि उजवीकडचा बारा तेवढा बदलायचा. त्या जागी किती लिहायचे, ते बिंदूलाच विचारायचं. तीन दुणे सहा, त्यातून चार गेले, राहिले दोन. ३क्ष + ४य = २. झालं. मी पेन्सिल खाली ठेवून आमटीचा वास घेतला.

“बाबा, स्टेप्स कुठे आहेत?”

“लागतच नाहीत.”

“मार्क स्टेप्सना असतात.”

मग तिने क्लासमध्ये शिकवलेली पद्धत सुरू केली. आधी य एकटा पाडायचा. त्यातून चढ काढायचा, उणे तीन चतुर्थांश. मग ‘समांतर रेषांचे चढ समान असतात’ हे वाक्य लिहायचं आणि त्याखाली पट्टीने रेघ मारायची. रेघ महत्त्वाची, बरं का! मग य + १ = −३/४ (क्ष − २). चारने गुणायचं. कंस सोडवताना उणे गुणिले उणे अधिक होतं हे विसरायचं, खोडायचं, पुन्हा सोडवायचं. मग मघाशी हाकललेले क्ष आणि य समजूत घालून पुन्हा डावीकडे आणायचे. आणि एवढं सगळं करून खाली काय उरतं? ३क्ष + ४य = २. शेजारच्या विंगमध्ये विरजण मागायला जाणाऱ्याने रिक्षाने स्टेशनला जावं आणि मागच्या गेटने परत यावं, तसा हा प्रकार.

मी हे बोलून दाखवलं. बायको म्हणाली, “अरे, सरांनी सांगितलंय तसं करू दे की तिला. तुझं काय जातंय?” आई म्हणाली, “दोघांचं उत्तर एकच आलंय ना? मग भांडताय कशाला? पानं घेतलीयेत.”

एवढ्यात शेजारचे काका पेपर परत द्यायला आले. रेल्वेतून रिटायर झालेल्या माणसासमोर ‘समांतर’ हा शब्द उच्चारू नये. “रूळ बघ,” ते खुर्ची ओढत मुलीला म्हणाले, “ब्रॉडगेज, १,६७६ मिलिमीटर. जम्मूला जा नाहीतर कन्याकुमारीला जा.”

“आणि वळणावर, काका? तिथे सरळ रेषा कुठे असते?”

“वळणावर वेगळं,” काका म्हणाले. “जास्त वळण असलं तर गेज थोडं वाढवून ठेवतात.” एवढं बोलून ते गप्प झाले. आपण नक्की कोणाच्या बाजूने बोललो, ह्याचा ते बहुधा विचार करत असावेत.

पण त्यांनी अंतराचा विषय काढला आणि पुढचं उपगणित नेमकं तेच निघालं: ह्या दोन रेषांमधलं अंतर किती? काकांनी बारातून दोन वजा करून दहा सांगितलं. बायकोने पोळ्या लाटता लाटता य-अक्षावर बघितलं: एक रेषा तीनवर छेदते, दुसरी अर्ध्यावर, म्हणजे अडीच. माझा ऊर भरून आला. पण उत्तर अडीच नाही. अक्षावरून मोजलं की ते तिरकं मोजणं होतं, आणि तिरकं मोजलं की जास्तच भरतं. अंतर मोजायचं लंब. तीनचा वर्ग अधिक चारचा वर्ग पंचवीस, त्याचं वर्गमूळ पाच, दहाला पाचने भागा. दोन. हे मी एका दमात सांगितलं. लेकीने मान वर केली. मला वाटलं, कौतुक येतंय.

“फॉर्म्युला आधी लिहावा लागतो, बाबा.”

समांतर रेषांनी आजवर कोणाचं भलं केलंय? ‘बरोबर’चं चिन्ह पहिल्यांदा छापलं रॉबर्ट रेकॉर्डने, १५५७ साली. दोन सारख्या लांबीच्या समांतर रेघांइतक्या समान दुसऱ्या कुठल्याच दोन गोष्टी नाहीत, असं त्याचं म्हणणं. पुढच्याच वर्षी तो तुरुंगात वारला. हंगेरीतले फार्कश बोयॉई तर आयुष्यभर समांतर रेषांपायी झुरले आणि शेवटी त्यांनी मुलाला पत्र लिहून विनवलं की बाबा रे, तू ह्यांच्या वाटेला जाऊ नकोस. मुलगा गेलाच. त्याने एक नवी भूमितीच उभी केली आणि ती १८३२ साली छापून आली ती बापाच्याच पुस्तकाला परिशिष्ट म्हणून. हे मी जेवताना सांगितलं. आई म्हणाली, “बघ, मुलांनी ऐकलं नाही म्हणून अडत नाही.”

दुसऱ्या दिवशी मात्र देवाने मला संधी दिली. क्ष = ५ ला समांतर, (२, ३) मधून जाणारी. उभी रेषा! चढ काढायला जावं तर भागाकारात खाली शून्य. पद्धतवाले पहिल्याच पायरीवर ठप्प. माझ्या पद्धतीने मात्र डावी बाजू तीच, उजवीकडे बिंदूचा क्ष. क्ष = २. मी विजयी मुद्रेने स्वयंपाकघराकडे पाहिलं.

“ती स्पेशल केस आहे,” लेक शांतपणे म्हणाली. “तिची वेगळी स्टेप असते.”

आता आमच्यात तह झालाय. ती आधी वहीच्या कडेला पेन्सिलीने माझ्या पद्धतीने उत्तर काढते. मग पेनाने, रेघांसकट, सरांच्या पद्धतीने पानभर लिहीत त्याच उत्तराला येऊन पोचते. आणि वही देण्याआधी खोडरबर घेऊन कडेचं ते पहिलं उत्तर, म्हणजे मला, नीट पुसून टाकते.